तक्ता चावडीवर वाचून दाखवा

गावात चावडी वाचन होतं तेव्हा तलाठी सातबाऱ्यातले नुसते आकडे म्हणत नाही. ‘एकशे तेरा, दोन चाळीस, पाच पंचवीस’ असं कोणी वाचू लागला तर लोक त्याला तिथल्या तिथे थांबवतील. तो म्हणतो, गट नंबर एकशे तेरा, खातेदार अमुक, क्षेत्र दोन हेक्टर चाळीस आर, आकार पाच रुपये पंचवीस पैसे, इतर हक्कात सोसायटीचा बोजा. आकडा येण्याआधी तो कशाचा हे कानावर पडलेलं असतं. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हातात कागद नसतो. काहींना वाचता येत नाही, काहींना दिसत नाही. तरी आपल्या नावापुढे चूक असेल तर माणूस उभा राहून सांगतो, ‘साहेब, हे बरोबर नाही.’ सातबारा संगणकावर चढवला तेव्हा गावोगाव अशी वाचनं झाली ती याचसाठी.

माझी मागणी एवढीच आहे. तक्ता सरकारी असो, बाजार समितीचा असो की विद्यापीठाचा, लोकांसाठी म्हणून वेबसाइटवर टाकला असेल तर तो चावडीवर वाचता आला पाहिजे. नाही आला, तर तो जाहीर झाला असं मी मानणार नाही.

वर्धा जिल्ह्यात माणसाचं अर्धं जगणं तक्त्यांत मांडलेलं असतं. हिंगणघाटात कापूस काय भावाने गेला, बोर आणि निम्न वर्धा धरणांत किती दलघमी पाणी आहे, काल कोणत्या तालुक्यात किती पाऊस पडला, अतिवृष्टीच्या यादीत आपलं नाव आणि विशिष्ट क्रमांक आला का, घरकुलाच्या यादीत आपण कितवे, आर्वीची शेवटची एसटी किती वाजता. यातलं काहीही कोणी परिच्छेद लिहून सांगत नाही. सगळं ओळींत आणि रकान्यांत असतं. ज्याला तक्ता वाचता येत नाही, त्याला भाव, पाणी, अनुदान आणि गाडी, चारही गोष्टी दुसऱ्याला विचाराव्या लागतात.

सेलू तालुक्यातला एक तरुण माझ्या ओळखीचा आहे. त्याला जन्मापासून दिसत नाही. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, आणि लॅपटॉपवर एनव्हीडीए वापरतो. स्क्रीनवरचं बोलून दाखवणारं हे सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर, मायकेल करन आणि जेम्स तेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन मित्रांनी २००६ पासून उभं केलं आणि जगाला फुकट दिलं. घरी कापूस आहे. वेचणी सुरू झाली की वडिलांना रोज संध्याकाळी बाजारभाव सांगायचं काम याच्याकडे. एकदा त्याच्या शेजारी बसून मी ते ऐकलं. बाजारभावाचा नेहमीचा तक्ता सगळ्यांच्या ओळखीचा आहे: बाजार समिती, जात-प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. सात रकाने. त्या दिवशी त्याने उघडलेल्या पानावर एनव्हीडीएचा आवाज काय म्हणत होता? समजण्यापुरते आकडे घेतो: ‘हिंगणघाट, मध्यम, क्विंटल, दोन हजार, सहा हजार आठशे, सात हजार दोनशे, सात हजार.’ पुढची ओळ: ‘सिंदी सेलू, मध्यम, क्विंटल, सातशे, सहा हजार नऊशे...’ दोन हजार ही आवक की भाव? सात हजार जास्तीत जास्त की सर्वसाधारण? ते पान सांगत नव्हतं.

‘भाव तं सांगते हे बाई,’ तो म्हणाला, ‘पण कायचा ते नाई सांगत.’

मग तो बोटांवर रकाने मोजू लागला. चौथा आवक, पाचवा कमीत कमी, सहावा जास्तीत जास्त. सात रकाने असतात तोवर हे जमतं. मध्येच एखाद्या समितीची जात-प्रत रिकामी असते, ते घर गाळलेलं असतं, आणि तिथून पुढे सगळे आकडे एक घर डावीकडे सरकतात. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता, मध्यम धाग्याचा ७७१०. बाजारात काय मिळतं आणि सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर काय मिळेल, गाडी आज भरायची की आठ दिवस थांबायचं, हा हिशेब शेतकरी याच रकान्यांवरून करतो. जास्तीत जास्त दराला सर्वसाधारण समजून गाडी भरली तर भाड्यासकट नुकसान त्याचं.

आता हाच तक्ता नीट बांधलेला असता तर काय झालं असतं? कंट्रोल आणि आल्ट दाबून धरायचं आणि बाणाने उजवीकडे सरकायचं. प्रत्येक घरावर आवाज आधी रकान्याचं नाव सांगतो आणि मग आकडा: ‘आवक, दोन हजार. कमीत कमी दर, सहा हजार आठशे.’ बाण खाली दाबला की बाजार समितीचं नाव: ‘सिंदी सेलू, सहा हजार नऊशे.’ म्हणजे तलाठ्याचं चावडी वाचनच. त्यासाठी लागणारी कारागिरी इतकी छोटी आहे की ती होत नाही याचा मला राग येतो. पानाच्या आतल्या खुणांमध्ये साध्या घराला टीडी म्हणतात आणि मथळ्याच्या घराला टीएच. वरच्या सात घरांना टीडीऐवजी टीएच लिहायचं, आणि हा मथळा खालच्या रकान्याचा आहे की शेजारच्या ओळीचा, हे स्कोप नावाच्या खुणेने सांगायचं. बाजार समितीच्या नावाच्या घरालाही टीएच, कारण तो ओळीचा मथळा. तक्त्याच्या माथ्यावर कॅप्शन: कोणत्या तारखेचा, कोणत्या मालाचा. आणि पानाला एकदा सांगून ठेवायचं की भाषा मराठी आहे, नाहीतर इंग्रजी आवाज देवनागरी वाचायला जातो आणि अडखळतो किंवा गप्प बसतो. ही सोय डिसेंबर १९९७ मध्ये आलेल्या एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीपासून आहे. वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात यासाठीचे पहिले जागतिक निकष मे १९९९ चे. त्यानंतर जन्मलेली मुलं आज शेती करतायत.

पण बहुतेक पानं अशी चुकलेलीसुद्धा नसतात. त्यांच्यावर तक्ताच नसतो. असतो कागदाचा फोटो.

हे कसं घडतं ते कोणत्याही कार्यालयात जाऊन बघा. यादी एक्सेलमध्ये तयार होते. तिची प्रिंट निघते. त्यावर साहेबांची सही आणि गोल शिक्का होतो. सहीची प्रत स्कॅन होते, कधी थोडी तिरकी, आणि पीडीएफ म्हणून वेबसाइटवर जाते. मूळ एक्सेल फाइल, जी वाचता आली असती, शोधता आली असती, बेरीज करता आली असती, ती ऑपरेटरच्या संगणकावर पडून राहते आणि पुढच्या बदलीनंतर सापडत नाही. स्कॅन केलेल्या यादीवर एनव्हीडीए म्हणतो, पान रिकामं आहे. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याच यादीचा फोटो फिरतो, तिथे फोनचा टॉकबॅक, म्हणजे फोनमधला स्क्रीन रीडर, म्हणतो, फोटो. त्या फोटोत माणसाचं नाव आहे आणि नावापुढे त्याच्या बुडालेल्या सोयाबीनची रक्कम आहे.

हा त्रास एकट्या न दिसणाऱ्याचा नाही. अडीच हजार नावांच्या स्कॅनमध्ये डोळस माणसालाही स्वतःचं नाव शोधता येत नाही. बोटाने एकेक पान सरकवावं लागतं. वर्ध्याचा बातमीदार त्यातून तालुकावार बेरीज काढू शकत नाही. विद्यार्थ्याला ते प्रकल्पात घेता येत नाही. सही हवी तर सहीची प्रत ठेवा, माझी हरकत नाही. शेजारी मूळ तक्ता ठेवा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्यात २०१८ पासून मिळतोय. सहीसाठी कागदाचा फोटोच काढावा लागतो ही सबब आता चालणार नाही.

स्कॅन नसलेल्या फायलीतही एक जुना शत्रू बसलेला असतो: युनिकोडच्या आधीचे फॉन्ट. विदर्भातल्या कितीतरी कार्यालयांत आणि छापखान्यांत कृतिदेव अजून चालतो. डोळ्यांना ते देवनागरी दिसतं, संगणकाच्या पोटात मात्र इंग्रजी कळा असतात. कृतिदेवमध्ये टंकलेलं ‘वर्धा’ स्क्रीन रीडरच्या तोंडून येतं ‘ओ, तिरकी रेघ, के, के, झेड’. जिल्ह्याचं नावच ऐकू येत नाही, तर पुढच्या आठ तालुक्यांचं काय?

तालुक्यांवरून आठवलं. पावसाचा तक्ता घ्या. डावीकडे वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर. पुढे काल पडलेला पाऊस, १ जूनपासूनचा एकूण पाऊस, सरासरीची टक्केवारी. खुणा न घातलेल्या पीडीएफमध्ये हा तक्ता पुष्कळदा उभा वाचला जातो: आधी आठही तालुके एका दमात, मग आठ आकडे, मग पुन्हा आठ, मग पुन्हा आठ. समुद्रपूरचा एकूण पाऊस हवा असेल तर ऐकणाऱ्याने समुद्रपूर आठवा हे लक्षात ठेवायचं आणि सोळाव्या आकड्यावर कान टवकारायचे. डोळे मिटून कोणाकडून तरी तो तक्ता असा उभा वाचून घ्या आणि एक आकडा नेमका पकडून दाखवा.

एक्सेलमधल्या एका बटणाबद्दल मला स्वतंत्र बोलायचं आहे. मर्ज अँड सेंटर. महाराष्ट्रात एमएस-सीआयटी केलेल्या जवळपास प्रत्येक हाताला ते पाठ आहे. तालुक्याचं नाव वीस ओळींसाठी एकदाच लिहायचं आणि वीस घरं एक करून टाकायची. कागदावर ते देखणं दिसतं. ऐकणारा पंधराव्या ओळीवर येतो तेव्हा तालुका कोणता याचा पत्ता नसतो. फाइल क्रमवारीने लावायला गेलं की तीही अडते, म्हणजे डोळस ऑपरेटरलाही त्याचा जाच आहे. याच जातीचं दुसरं दुखणं म्हणजे वरच्यासारखंच हे दाखवायला टाकलेले दोन टिंब किंवा अवतरण चिन्ह. गावाचं नाव एकदा आणि खाली चाळीस ओळी नुसती चिन्हं. तिसरं दुखणं रंगाचं: पात्र हिरवे, अपात्र लाल, आणि शेऱ्याचा रकाना कोरा. रंग न दिसणाऱ्याला, काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर वाचणाऱ्याला आणि लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्याला त्या यादीत सगळे सारखेच. तालुका प्रत्येक ओळीत लिहा, गाव प्रत्येक ओळीत लिहा, ‘पात्र’ हा शब्द लिहा, निरंक असेल तिथे निरंक लिहा. एमएस-सीआयटीत यासाठी अर्ध्या तासाचा एक धडा घातला तर दहा वर्षांत राज्यातल्या याद्या बदलतील. असा धडा लिहायला मी कोणाबरोबरही बसायला तयार आहे.

सगळेच तक्ते इतक्या सहज सुटत नाहीत, हेही मान्य केलं पाहिजे. गाव नमुना बारा बघा. जुन्या नमुन्यात मिश्र पिकाखालील क्षेत्र, त्याच्या पोटात घटक पिकं, त्याच्या पोटात जल सिंचित आणि अजल सिंचित. शेजारी निर्भेळ पिकाखालील क्षेत्र, त्याच्या पोटात पुन्हा जल सिंचित आणि अजल सिंचित. मथळ्यांचे मजले. तिथे नुसतं ‘जल सिंचित, शून्य ऐंशी’ ऐकून भागत नाही. मिश्र तुरीखालचं की निर्भेळ कापसाखालचं हेही कळायला हवं. प्रत्येक घराला त्याचे सगळे मथळे जोडून द्यायची सोय वेबच्या खुणांत आहे, पण ती किचकट आहे आणि हाताने करताना चुका होतात. माझं मत स्पष्ट आहे: असा तक्ता तोडा. मिश्र पिकांचा एक, निर्भेळ पिकांचा एक. किंवा मथळ्यातच पूर्ण नाव लिहा, ‘निर्भेळ पीक, जल सिंचित क्षेत्र’. कागदाची रुंदी वाचवायला मथळे एकावर एक चढवले होते. स्क्रीनवर कागद संपत नाही.

आता हातांबद्दल. हा कुष्ठसेवेचा जिल्हा आहे. दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये काम उभं केलं, गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन १९५१ पासून वर्ध्यातून चालतं. कुष्ठरोगाने बोटांची संवेदना गेलेली, बोटं आखडलेली माणसं इथे प्रत्येकाने पाहिलेली आहेत. अशा हातांनी फोनवर बारा रकान्यांचा तक्ता दोन बोटांनी मोठा करून बघा, मग डावीकडे सरकवून बघा. नाव एका टोकाला, रक्कम दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये मथळे वर निघून गेलेले. मोतीबिंदू पिकत आलेल्या सत्तरीतल्या आजीचंही तेच. खुणा नीट असलेला तक्ता फोनच्या अरुंद पडद्यावर एकेका ओळीचं कार्ड करून दाखवता येतो, प्रत्येक आकड्याशेजारी त्याचं नाव. फोटोचं तसं काही करता येत नाही. न दिसणाऱ्यासाठी केलेलं काम थेट कापऱ्या हाताच्या कामी येतं.

कायद्याची बाजू लंगडी नाही. माहितीचा अधिकार कायद्याचं चौथं कलम २००५ पासून सांगतं की माहिती लोकांना सहज मिळेल अशा रूपात स्वतःहून द्या आणि स्थानिक भाषेचा विचार करा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. सरकारी वेबसाइटसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, तिसरी आवृत्ती २०२३ ची. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, सक्तीचे हवेत. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून निकालात डिजिटल सेवा वापरता येणं हा एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला. जिल्ह्यांच्या वेबसाइटसाठी एनआयसीने, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, जो साचा दिला, त्याच्या पूर्ण नावातच सुगम्य हा शब्द आहे, आणि साचा चांगला आहे. अक्षर मोठं करायची, रंग उलटा करायची बटणं वर असतात. त्या बटणांच्या खाली स्कॅन टाकला की बटणं निरुपयोगी होतात. साचा दिल्लीहून येतो, तक्ता इथे भरला जातो, म्हणून दुरुस्तीही इथेच व्हायला हवी.

‘अशी मागणी कोणी केलेली नाही’ हे उत्तर मी अनेक टेबलांवर ऐकलं आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दृष्टीचं अपंगत्व असलेली सुमारे ५ लाख ७४ हजार माणसं नोंदली गेली. ज्याला यादी लागलीय हेच कळलं नाही, तो ती वाचता आली नाही अशी तक्रार कुठून करणार? तो ऑनलाइन सेंटरवर जातो, दहा-वीस रुपये देतो आणि वाचून घेतो. आपला बँक खात्याचा क्रमांक, आधार, अनुदानाची रक्कम, सगळं परक्या माणसाच्या तोंडून, रांगेतल्या बाकीच्यांच्या देखत. भाव वाचून घेणं एकवेळ ठीक. स्वतःच्या पैशांची रक्कम दुसऱ्याने मोठ्याने वाचणं हा अपमान आहे, आणि तो रोज होतो.

सुरुवात कुठून करायची तेही सांगतो. दसऱ्यानंतर कापूस बाजारात येऊ लागतो. त्याआधी बाजारभावाचा तक्ता आणि अनुदानाच्या याद्या. पुढच्या जूनपर्यंत पाऊस आणि धरणसाठा. एसटीचं वेळापत्रक त्यानंतर. प्रत्येक कार्यालयाने वेबसाइटवर टाकण्याआधी फोनचा टॉकबॅक सुरू करून, स्क्रीन पालथी ठेवून, यादीतलं एक नाव आणि त्याची रक्कम ऐकून शोधावी. सापडली नाही तर यादी परत पाठवावी. आणि महिन्यातून एकदा सेलूच्या त्या तरुणासारख्या, रोज स्क्रीन रीडरवर काम करणाऱ्या माणसाला बोलावून सगळे तक्ते तपासून घ्यावेत. या तपासणीला मानधन असावं, इतर कोणत्याही तांत्रिक तपासणीला असतं तेवढं.